दुय्यम डीएनएस सर्व्हर कशासाठी? एका मौनाचा इतिहास

१/
संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएससाठी बहुधा दोन रकाने दिसतात : प्राथमिक आणि दुय्यम. एक सर्व्हर असताना दुसरा कशासाठी, याचे उत्तर इंटरनेटच्या इतिहासात सापडते.

२/
अर्पानेटच्या काळात सर्व संगणकांची नावे आणि त्यांचे अंकी पत्ते एकाच फाइलमध्ये नोंदलेले असत. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील एसआरआय या संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा चमू ती सांभाळी. इतरांनी ती उतरवून घ्यायची. संगणक वाढले तशी फाइल फुगली आणि हाती येईपर्यंत शिळी होऊ लागली.

३/
जॉन पोस्टेल यांनी सोपवलेल्या कामातून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली : प्रत्येक संस्थेने आपापल्या नावांची नोंद स्वतः ठेवावी. नोव्हेंबर १९८७ मधील आरएफसी १०३४ या दस्तऐवजाने अट घातली की, प्रत्येक नोंद किमान दोन सर्व्हरांवर उपलब्ध असावी.

४/
येथे 'दुय्यम' या शब्दाचे दोन अर्थ वेगळे केले पाहिजेत. नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा दुय्यम सर्व्हर मूळ नोंदीची प्रत बाळगतो. आपल्या संगणकातला दुय्यम सर्व्हर म्हणजे पहिल्याकडून उत्तर न आल्यास ज्याला विचारायचे तो.

५/
आपल्या संगणकातील रिझॉल्व्हर हा भाग प्रथम पहिल्या सर्व्हरला विचारतो. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत तो ५ सेकंद वाट पाहतो आणि मग दुसऱ्याकडे वळतो. पहिला बंद असताना संकेतस्थळे उघडतात, पण रेंगाळत, त्याचे कारण हेच.

६/
मात्र 'असे नाव अस्तित्वात नाही' हेही उत्तरच आहे. ते मिळाले की शोध थांबतो. खातरजमेसाठी दुसऱ्याला विचारले जात नाही. म्हणून कार्यालयाचा अंतर्गत सर्व्हर पहिला आणि बाहेरचा सार्वजनिक सर्व्हर दुसरा ठेवणे धोक्याचे. पहिला क्षणभर गप्प राहिला, तर दुसरा अंतर्गत नावे ठाऊक नसल्याने ती नाहीतच असे सांगतो आणि संगणक ते खरे मानतो.

७/
संस्थांच्या बाजूचा धडा जानेवारी २००१ मध्ये मिळाला. मायक्रोसॉफ्टचे चार डीएनएस सर्व्हर होते, पण चारही जाळ्याच्या एकाच भागात. राउटरच्या मांडणीतला एक बदल चुकला आणि चारही एकदम दिसेनासे झाले. संकेतस्थळे चालू होती. त्यांचा पत्ता सांगणारे कोणी उरले नव्हते. सर्व्हर परस्परांपासून दूर ठेवा, असे आरएफसी २१८२ ने जुलै १९९७ मध्येच बजावले होते.

८/
दोन्ही बाजूंना नियम एकच : दुसरा सर्व्हर पहिल्याइतकाच जाणता हवा, पण पहिल्याबरोबर बुडणारा नसावा. आपल्या सेटिंगमधले ते दोन रकाने आज एकदा उघडून पाहा.