तिसरी मात्रा आणि लोकांचे मन

जबलपुरात लशीला ‘टीका’ म्हणतात. बदलीवर आलेल्या मराठी माणसाला प्रथम हा शब्द ऐकून गंमत वाटते. 2021 च्या उन्हाळ्यात ‘टीका लगवा लिया?’ हा प्रश्न येथे प्रत्येकाच्या तोंडी होता. वर्षभरानंतर, तिसऱ्या मात्रेच्या वेळी, तो कोणी विचारीनासे झाले. लोकांचे मन पालटले, असा निष्कर्ष तेव्हा सर्रास काढला गेला. मला तो अपुरा वाटतो.

10 जानेवारी 1897 रोजी डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. तिचे संरक्षण काही महिनेच टिके; तेव्हा पुन्हा टोचून घेण्याचा प्रश्न त्या काळीही होताच. आगाखानांनी लोकांसमक्ष लस घेतली आणि त्यांचे अनुयायी पुढे आले. उलट 1902 मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे लस टोचलेले 19 जण धनुर्वाताने दगावले, तेव्हा लोकांचा विश्वास डळमळला. लोकांची तयारी ही कायम राहणारी वस्तू नव्हे. ती घडते आणि मोडते.

योगायोग असा, की बरोबर 125 वर्षांनी, 10 जानेवारी 2022 रोजी, भारतात कोविड लशीची तिसरी, म्हणजे खबरदारीची मात्रा सुरू झाली. 18 ते 59 वयोगटास ती 10 एप्रिलपासून खासगी केंद्रांवर मिळू लागली. लशीचे 225 रुपये आणि वर 150 रुपयांपर्यंत सेवाशुल्क. जुलैच्या मध्यापर्यंत या गटातील 77 कोटी लोकांपैकी एक टक्का लोकांनीही ती घेतली नव्हती. त्या महिन्यात दोन मात्रांमधील अंतर नऊ महिन्यांवरून सहा महिने झाले आणि 15 जुलैपासून 75 दिवस मात्रा विनामूल्य झाली. सर्व वयोगट मिळून सुमारे 5 कोटींवर असलेला आकडा 20 कोटींच्या पुढे गेला. मुदत संपली आणि तो जवळजवळ तेथेच थांबला.

माणसे तीच होती. बदलली ती व्यवस्था. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला यात नवल वाटत नाही. लशीचा काही लाभ घेणाऱ्याला, तर काही शेजाऱ्याला मिळतो. शेजाऱ्याच्या लाभासाठी पदरचे पैसे आणि अर्धा दिवस खर्चण्यास फार थोडे तयार होतात. भीती ओसरल्यावर तर त्याहून थोडे.

दुसऱ्याकडे बोट कशाला दाखवू? मला 375 रुपये जड नव्हते, माहितीही पुरेशी होती. तरी ‘पुढच्या रविवारी पाहू’ म्हणत मी तीन महिने घालविले. ऑगस्टमध्ये कार्यालयात शिबिर भरले, तेव्हा जिना उतरून गेलो आणि तासाभरात टेबलाशी परतलो. त्या दिवसापासून कोणत्याही टिपणीत ‘जनतेची उदासीनता’ हे शब्द लिहिण्यापूर्वी मी स्वतःस विचारतो, की आपण तिच्या दारापर्यंत गेलो होतो काय?