दहा मिनिटांची खर्ड्याची लढाई

आमच्या गावात शाळेचं गॅदरिंग असो नाहीतर गणपती, कुणीतरी म्हणतंच, "यंदा खर्ड्याच्या लढाईवर नाटक बसवू." मंडपाला वेळ मिळतो दहा मिनिटांचा. त्यात पोरं तलवारी फिरवतात, एकजण निजाम होऊन पळतो, घोषणा होतात आणि पडदा पडतो. कुणाला काही कळत नाही, पण टाळ्या पडतात. मी दहावी शिकलेला शेतकरी माणूस, नाटकाचं शास्त्र शिकलो नाही. पण या मातीत साठ-बासष्ट पावसाळे काढलेत. छोटं नाटक सुचतं कसं, याचा विचार नांगरामागं चालता चालता बराच केलाय.

आधी लढाई नीट समजून घ्या. 11 मार्च 1795 रोजी सवाई माधवराव पेशव्यांची फौज आणि हैदराबादचा निजामअली इथं भिडले. भांडण होतं चौथाईच्या थकबाकीचं. पेशव्यांचा कारभार नाना फडणीस बघत होते. सेनापती परशुरामभाऊ पटवर्धन. दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरकर भोसले, सगळे एका ठिकाणी आले होते. मराठी सरदारांनी असं एकत्र येणं त्यानंतर पुन्हा घडलं नाही. दोन्ही बाजूंच्या फौजा लाखाच्या वर असल्याचं ग्रँट डफनं लिहून ठेवलंय. एवढ्या फौजा असूनही माणसं तशी थोडीच पडली. रात्री निजामाच्या गोटात गोंधळ उडाला, तो मागं सरला आणि आमच्या खर्ड्याच्या भुईकोटात अडकला. बाहेरून वेढा पडला. आत पाण्याचे हाल झाले आणि काही दिवसांत त्याला तह मागावा लागला. तीन कोटी रुपये कबूल केले, दौलताबादसकट मुलूख सोडला आणि आपला दिवाण मराठ्यांच्या हवाली केला.

आता एवढा पसारा दहा मिनिटांत बसतो का? नाही बसत. एका पोत्यात दोन पोत्यांची ज्वारी भरली की शिवण उसवते. म्हणून जुने लोक काय करायचे ते बघा. पैठणच्या एकनाथ महाराजांनी भारुडं केली. एक माणूस उभा राहतो, त्याला विंचू चावतो, नाहीतर तो जोगवा मागतो. सोंग एकच, दुखणं एकच, पण त्यातून सगळा संसार बोलतो. तमाशात वगाच्या आधी बतावणी असते. दोन माणसं, एक भांडण, आणि सोंगाड्या उलटा प्रश्न विचारतो, बास. महात्मा फुल्यांनी 1855 साली 'तृतीय रत्न' लिहिलं, त्यातही मुळात काय आहे? कुणबी नवरा-बायको आणि त्यांना भीती घालून लुबाडणारा जोशी. मोठी गोष्ट त्यांनी एका घरात आणून बसवली.

यातून मी तीन सवाल काढलेत. जागा कोणती? कुणाला काय पाहिजे? आणि ते का मिळत नाही? तिन्हीचं उत्तर एका वाक्यात आलं की नाटक सुचलं समजावं.

लढाईकडं असं बघितलं की कल्पना आपोआप निघतात. पहिली घ्या. मार्च म्हंजी आमच्याकडं ज्वारीच्या सुगीचे दिवस. एक कुणबीण खळ्यावर बसलीय. दोन्हीकडच्या फौजांची घोडी चाऱ्याला आलीत. तिला फक्त बियाणापुरतं धान्य वाचवायचंय. पेशव्यांचा स्वार आला काय नि निजामाचा आला काय, तिच्या कणग्या रिकाम्याच होणार.

दुसरी. लढाई जिंकून सगळे खूश असताना पेशवे उदास का, असं नानांनी विचारलं. त्यावर हा एकविसाव्या वर्षाला टेकलेला पोरगा म्हणाला की, शत्रू असा सहज नमतो आणि आपले लोक कष्टावाचून मिळालेल्या जयाच्या बढाया मारतात, हे चांगलं लक्षण नव्हं. ही हकिकत ग्रँट डफनं दिलीय. त्याच वर्षी ऑक्टोबरात शनिवारवाड्यात पडून सवाई माधवराव गेले. सात वर्षांनी, 1802 च्या अखेरीला, बाजीरावानं वसईला इंग्रजांशी तह केला. तंबू एक, माणसं दोन. एवढ्यावर नाटक उभं राहतं.

तिसरी मला सगळ्यांत जवळची. किल्ल्याची भिंत. आत एक पहारेकरी, बाहेर एक पहारेकरी, मधे रिकामी घागर. आतल्याला पाणी पाहिजे. बाहेरच्याजवळ ते आहे, पण हुकूम नाही. 1972 च्या दुष्काळात मी पोरसवदा होतो. घरातली बायामाणसं घागरीसाठी कुठवर चालत गेली ते मी बघितलंय. आमच्या पिढीला तहान शिकवावी लागत नाही, आणि तहानेचं नाटक मंडपातल्या कुठल्याही म्हातारीला कळतं.

एका बैठकीत मी ही कल्पना मांडली, तेव्हा एकजण म्हणाला, "पाव्हणं, ह्यात शत्रू कुठंय? निजामाच्या पोरांना हिरवी कापडं घाला, म्हंजी लोकांना कळंल." मी म्हणालो, "भाऊ, आधी इतिहास बघू. निजामाची कवायती पलटण रेमंड नावाचा फ्रेंच चालवत होता आणि शिंद्यांच्या पलटणीवर पेराँ, तोही फ्रेंचच. खर्ड्याचा किल्ला बांधणारे निंबाळकर मराठे, पण त्यांचं घराणं निजामाच्या सरदारांतलं. किल्ल्यात मशीद आहे, ती अजून उभी आहे. मग हिरवं कुणाला घालायचं आणि भगवं कुणाला?" शिवाय आपल्या वर्गात दोन्हीकडची पोरं एका बाकावर बसतात. दहा मिनिटांच्या नाटकासाठी एकाला कायमचा हरलेला ठरवला, तर पडदा पडल्यावर तो बाक मोडतो. नाटक संपतं, गाव संपत नाही.

बैठकीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एका मास्तरांनी विचारलं, "शेवटी बाहेरचा पाणी देतो का?"

मला वाटतं, हाच खरा सवाल आहे आणि त्याचं उत्तर मोठ्या माणसानं लिहून देऊ नये. दोन पोरं भिंतीच्या दोन बाजूंना उभी करा, मधे घागर ठेवा आणि त्यांनाच ठरवू द्या. एक वर्षी देतील, एक वर्षी देणार नाहीत. ज्या वर्षी देणार नाहीत, त्या वर्षी मंडपात जी शांतता पडेल, तिच्यातून लोकांना खर्ड्याची लढाई जास्त कळेल.