ख्रिस्ती घरांतील प्रातःप्रार्थना

दिवसाचा आरंभ ईशस्मरणानें करावा, ही महाराष्ट्राची जुनी रीत. ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांनीं ती टाकली नाहीं. परंतु एकोणिसाव्या शतकांत त्यांच्या उपासनेंतील पुष्कळ गीतें इंग्रजी गीतांचीं भाषांतरें होतीं. शब्द मराठी, चाल मात्र परकी! वस्तुतः फादर स्टीफन्स यांनीं गोमंतकांत १६१६ सालींच ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापून निराळी वाट दाखविली होती. १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों असें म्हणत. त्यांनीं अभंग व भजनें रचून ती वाट रुंद केली. धर्म बदलला म्हणजे पूर्वजांची वाणीहि सोडावी लागते, ही समजूत खोटी ठरली. ख्रिस्ती घरांत पहांटे म्हटलेला अभंग शेजारच्या वारकऱ्यास परका वाटण्याचें कारण उरलें नाहीं.