समुद्रबूड जमिनीचा सातबारा

नीरेच्या पात्रातली वाळू कोणाची, यावर चावडीपासून कोर्टापर्यंत भांडणारी माणसे आमच्या अकलूजला हवी तेवढी भेटतात. पण मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्राच्या तळाखालचे तेल काढायला देण्याचा अधिकार कोणाचा, आणि त्याला लगाम कसला, हे सहसा कोणी विचारत नाही. मी वकील नाही. गेली काही वर्षे कायदे आणि निकाल वाचून जे हाती लागले, ते मांडतो.

मूळ राज्यघटनेतील कलम २९७ किनाऱ्यालगतच्या सागरी हद्दीपुरतेच होते. त्या हद्दीतल्या तळाखालची खनिजे संघराज्याची, आणि संघराज्याच्या प्रयोजनांसाठीच. पलीकडच्या भूखंडमंचावर, म्हणजे शाळेच्या भूगोलातल्या समुद्रबूड जमिनीवर, हक्क सांगितला तो १९५५ साली, राष्ट्रपतींच्या उद्‌घोषणेने. घटनेत ती जमीन आली १९६३ च्या पंधराव्या दुरुस्तीने. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ला मुंबई हायमध्ये तेल लागले, तेव्हा कागद तयार होता. मला अधिक नवल वाटते ते १९७६ च्या चाळिसाव्या दुरुस्तीचे. देशात आणीबाणी, सरकारला विचारणारे कोणी नाही, आणि नेमके तेव्हाच घटनेत लिहिले गेले की या सागरी क्षेत्रांच्या मर्यादा संसदेच्या कायद्याने किंवा त्या कायद्याखाली ठरतील. नुसत्या उद्‌घोषणेवर भागण्याचे दिवस तिथे संपले.

पट्टा देण्यावरचे बंधन त्याहून जुने. १९४८ च्या तेलक्षेत्र कायद्याचे कलम ४ अगदी थोडक्यात सांगते : नियमांबाहेर खाणपट्टा देता येणार नाही, आणि दिलाच तर तो रद्दबातल. १९५९ च्या नियमांनी राज्याच्या जमिनीवरचा पट्टा केंद्राच्या पूर्वमंजुरीने राज्य सरकारने द्यावा असे ठरवले. समुद्रातला मात्र थेट केंद्राने. म्हणून गुजरात-आसामला जमिनीवरच्या तेलाचे स्वामित्वधन मिळते, मुंबई हायचे महाराष्ट्राला मिळत नाही.

कसोटी लागली ती पन्ना-मुक्ताच्या वेळी. ओएनजीसीने शोधलेली पन्ना, मुक्ता आणि ताप्ती ही क्षेत्रे डिसेंबर १९९४ च्या करारांनी संयुक्त उपक्रमाकडे गेली : ओएनजीसी ४० टक्के, रिलायन्स ३०, एन्रॉन ३०. (एन्रॉन म्हटले की आपल्याला दाभोळच आठवते, समुद्रातला तिचा वाटा विस्मरणात गेला.) पन्ना-मुक्ताविरुद्धची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००० साली फेटाळली. निर्णय कसा घेतला गेला हे न्यायालय तपासते. सौदा किफायतशीर होता की नाही, हे तोलत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते मला पटते. पण मग सौदा तोलायचा कोणी? १९४८ च्या कायद्यानुसार नियम संसदेपुढे ठेवावे लागतात. प्रत्येक करार ठेवण्याची सक्ती त्यात नाही. खरी फट इथेच आहे, आणि ती न्यायालयाने बुजवावी अशी अपेक्षा करणे चुकीचे.

पुढे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूवरून दोन अंबानी बंधूंच्या कंपन्यांचा वाद मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीला गेला. ७ मे २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कलम २९७ चा अर्थ लावला : ही संपत्ती जनतेची, सरकार तिचे विश्वस्त; कौटुंबिक समझोता सरकारशी झालेल्या कराराला ओलांडू शकत नाही. गंमत अशी की, विश्वस्त या शब्दाने सरकार बांधले गेले, आणि वायूचा भाव व वाटप ठरवण्याचा त्याचा अधिकारही त्याच निकालाने पक्का झाला.

पन्ना-मुक्ताचा पंचवीस वर्षांचा करार डिसेंबर २०१९ मध्ये संपला आणि ते क्षेत्र ओएनजीसीकडे परत आले.