क्रूप

क्रूप हा लहान मुलांच्या स्वरयंत्राला आणि श्वासनलिकेच्या वरच्या भागाला सूज आल्यामुळे होणारा आजार आहे. तो बहुधा विषाणूंमुळे होतो. भुंकल्यासारखा कोरडा खोकला, बसलेला आवाज आणि श्वास आत घेताना येणारा कर्कश ध्वनी ही त्याची तीन मुख्य लक्षणे होत. हा आजार प्रामुख्याने ६ महिने ते ३ वर्षे या वयात आढळतो; दुसऱ्या वर्षात त्याचे प्रमाण सर्वाधिक असते आणि ६ वर्षांनंतर तो क्वचित होतो. मुलींपेक्षा मुलांमध्ये तो काहीसा अधिक दिसतो. लक्षणे बहुधा रात्री अचानक उद्भवतात, त्यामुळे पालकांना मोठी भीती वाटते. बहुतांश रुग्णांमध्ये आजार सौम्य असतो व काही दिवसांत बरा होतो. मात्र थोड्या मुलांमध्ये श्वासमार्ग धोकादायक प्रमाणात अरुंद होतो आणि तातडीच्या उपचारांची गरज भासते.

नाव

'क्रूप' हा शब्द घोगऱ्या आवाजात ओरडणे या अर्थाच्या स्कॉटिश बोलीतील क्रियापदावरून आला आहे. एडिंबरो येथील वैद्य फ्रान्सिस होम यांनी १७६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधामुळे तो वैद्यकात रूढ झाला. मराठीत या आजारासाठी सर्वमान्य स्वतंत्र नाव नाही. लहान मुलाची छाती व पोट उडू लागल्यास ग्रामीण बोलीत 'डबा झाला' असे म्हणतात. परंतु हा शब्द न्यूमोनियासह धाप लागणाऱ्या अनेक आजारांना लावला जातो, तो क्रूपचा नेमका पर्याय नव्हे.

कारणे

पॅराइन्फ्लुएन्झा विषाणू, त्यातही त्याचा पहिला प्रकार, हे क्रूपचे सर्वांत सामान्य कारण आहे. इन्फ्लुएन्झा, रेस्पिरेटरी सिन्सिशियल विषाणू, ॲडिनोव्हायरस, गोवराचा विषाणू आणि कोरोना विषाणू यांमुळेही क्रूप होऊ शकतो. संसर्ग खोकल्या-शिंकण्यातून उडणाऱ्या थेंबांद्वारे व दूषित हातांद्वारे पसरतो. मोठ्या माणसांना याच विषाणूंमुळे केवळ सर्दी किंवा घसादुखी होते.

लहान मुलांमध्येच आजार गंभीर होण्याचे कारण श्वासमार्गाच्या रचनेत आहे. स्वरतंतूंच्या लगेच खालचा भाग पूर्ण वर्तुळाकार कूर्चेने वेढलेला असतो. त्यामुळे तेथील अस्तराला सूज आली की ती बाहेरच्या बाजूस पसरू शकत नाही, आतली पोकळीच कमी होते. नळीतून संथपणे वाहणाऱ्या प्रवाहाला होणारा रोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. या हिशेबाने ४ मिलिमीटर व्यासाच्या नळीला चोहोबाजूंनी १ मिलिमीटर सूज आली, तर रोध सुमारे १६ पट होतो. मूल रडू लागले की हवेचा वेग वाढून प्रवाह खळबळीचा होतो आणि रोध आणखी वाढतो. क्रूप झालेल्या मुलाला शांत ठेवण्यावर वैद्यकात दिला जाणारा भर या कारणामुळे आहे.

लक्षणे

प्रारंभी एक-दोन दिवस सर्दी, नाक वाहणे व हलका ताप असतो. त्यानंतर, बहुधा मध्यरात्रीच्या सुमारास, मूल भुंकल्यासारखे खोकत जागे होते. आवाज बसलेला असतो. श्वास आत घेताना येणाऱ्या कर्कश ध्वनीस स्ट्रायडर म्हणतात. सकाळी लक्षणे ओसरतात व पुढच्या रात्री पुन्हा वाढू शकतात. आजाराचा जोर साधारणतः पहिल्या दोन रात्री असतो. बहुतेक मुले तीन दिवसांत सुधारतात, काहींना आठवडा लागतो.

रात्री त्रास का वाढतो याचे एकच निश्चित कारण सांगता येत नाही. मध्यरात्रीच्या सुमारास शरीरातील कॉर्टिसोल या सूजरोधक संप्रेरकाची पातळी नीचांकी असते, हे त्यामागील एक संभाव्य कारण मानले जाते.

काही मुलांना सर्दी-ताप नसतानाही रात्री अचानक असे झटके येतात व काही तासांत थांबतात. यास आकस्मिक क्रूप म्हणतात. झटके वारंवार येत असल्यास किंवा ६ महिन्यांहून लहान बाळात स्ट्रायडर आढळल्यास श्वासमार्गातील जन्मजात दोषाची तपासणी करणे आवश्यक ठरते.

तीव्रता

खोकला किती मोठा येतो यावरून आजाराची तीव्रता ठरत नाही. मूल शांत असताना स्ट्रायडर ऐकू येतो का आणि श्वासासाठी त्याला किती कष्ट पडतात, या दोन गोष्टी महत्त्वाच्या असतात. १९७८ मध्ये मांडलेल्या वेस्टली गुणांकनात छाती आत ओढली जाणे, स्ट्रायडर, फुप्फुसांत जाणारी हवा, त्वचेचा निळेपणा आणि शुद्धीची पातळी या पाच बाबींना मिळून १७ पर्यंत गुण दिले जातात.

सौम्य: अधूनमधून भुंकल्यासारखा खोकला, स्ट्रायडर नाही किंवा फक्त रडताना ऐकू येतो, मूल खेळते व पाणी पिते.
मध्यम: शांत असतानाही स्ट्रायडर, बरगड्यांमधील व गळ्याखालील खळगा श्वासागणिक आत ओढला जातो.
तीव्र: श्वासासाठी स्पष्ट धडपड, अस्वस्थता किंवा मलूलपणा.
अतितीव्र: ओठ निळे किंवा त्वचा राखाडी पडणे, गुंगी येणे, श्वास मंदावणे.

अतितीव्र अवस्थेत मूल थकल्यामुळे खोकला व स्ट्रायडर दोन्ही क्षीण होतात. आवाज कमी झाला पण मूल निपचित पडले, तर ती सुधारणा नसून सर्वांत मोठी धोक्याची खूण असते. क्रूपमध्ये रक्तातील प्राणवायूचे प्रमाणही उशिरा घटते, म्हणून बोटाला लावण्याच्या ऑक्सिमीटरवरील आकडा चांगला असला तरी तेवढ्यावर विसंबता येत नाही.

घरी करावयाची कृती

मुलाला मांडीवर किंवा कडेवर, त्याला सोयीचे वाटेल अशा उभट स्थितीत धरावे. बळजबरीने आडवे निजवू नये. ओळखीच्या माणसाने हळू आवाजात बोलत राहावे. सभोवती गर्दी करू नये. गळ्याभोवतीचे तंग कपडे सैल करावेत. घसा पाहण्यासाठी तोंडात बोट किंवा चमचा घालू नये. थोडे थोडे पाणी अथवा दूध पाजावे. बाळ अंगावर पीत असल्यास स्तनपान चालू ठेवावे. ताप असल्यास वजनानुसार पॅरासिटामॉल देता येते. ती रात्र व पुढची रात्र एका प्रौढ व्यक्तीने मुलाजवळ झोपावे.

थंड हवेचा उपयोग होतो, हा पालकांचा जुना अनुभव आहे. जिनिव्हा येथे झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १० अंश सेल्सिअसपेक्षा थंड बाहेरच्या हवेत अर्धा तास ठेवलेल्या मुलांची लक्षणे अधिक लवकर कमी झाली. महाराष्ट्राच्या बहुतांश भागात इतकी थंडी क्वचितच पडते. मुलाला पांघरुणात गुंडाळून काही वेळ उघड्या हवेत नेण्यात अपाय नाही, मात्र त्यापायी रुग्णालयात नेण्यास उशीर होऊ नये.

टाळावयाच्या गोष्टी

वाफ देण्याने क्रूपमध्ये लाभ होतो असे चाचण्यांत दिसून आलेले नाही; उलट गरम पाणी सांडून मुले भाजण्याचा धोका असतो. ओवा, वेखंड किंवा उदाची धुरी श्वासमार्गाला अधिक त्रास देते. नाकात तेल सोडल्यास ते फुप्फुसांत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. कापूर व मेंथॉलयुक्त मलमे दोन वर्षांखालील मुलांना लावू नयेत. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये. मेळघाटासह काही भागांत पोटावर डागण्याचे प्रकार घडतात; त्यामुळे मुलाला भाजल्याच्या जखमा होतात आणि उपचारांना घातक विलंब होतो.

खोकल्याच्या पातळ औषधांचा क्रूपवर परिणाम होत नाही आणि गुंगी आणणाऱ्या औषधांमुळे धोक्याची खूण झाकली जाते. भारताच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये काढलेल्या सूचनेनुसार दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांसाठीही ती सामान्यतः शिफारस केलेली नाहीत.

तातडीने रुग्णालयात नेण्याची लक्षणे

शांत असतानाही स्ट्रायडर ऐकू येणे, छाती आत ओढली जाणे, लाळ गळणे किंवा गिळता न येणे, ओठ निळे पडणे, गुंगी, बोलता वा रडता न येणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. मूल ६ महिन्यांहून लहान असल्यास सौम्य लक्षणांतही त्याच रात्री वैद्यकीय सल्ला घ्यावा. प्रवासातही मुलाला उभट स्थितीत व पालकाजवळ ठेवावे.

उपचार

डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची एकच मात्रा हा क्रूपचा मुख्य उपचार आहे. डॉक्टर ती वजनानुसार, प्रति किलो ०.१५ ते ०.६ मिलिग्रॅम या मर्यादेत, शक्यतो तोंडावाटे देतात. सूज दोनेक तासांत उतरू लागते व परिणाम दोन-तीन दिवस टिकतो. कॅनडात ७२० मुलांवर झालेल्या व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सौम्य क्रूपमध्येही या मात्रेमुळे पुन्हा डॉक्टरांकडे यावे लागण्याचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. हे औषध घरच्या घरी, डॉक्टरांच्या सल्ल्याविना देऊ नये.

मध्यम व तीव्र आजारात नेब्युलायझरद्वारे ॲड्रिनॅलिन दिले जाते. त्याने काही मिनिटांत आराम पडतो, परंतु परिणाम सुमारे दोन तासच टिकत असल्याने मुलाला दोन ते चार तास निरीक्षणाखाली ठेवतात. गरजेनुसार प्राणवायू दिला जातो; श्वासनलिकेत नळी घालण्याची वेळ फार थोड्या मुलांवर येते. आजार विषाणूजन्य असल्याने प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. निदान लक्षणांवरून होते. सहसा क्ष-किरण तपासणीची गरज नसते.

साधर्म्य असलेले आजार

घटसर्प: घशात राखाडी चिवट पडदा, मानेला सूज, लसीकरण अपूर्ण असल्यास शंका घ्यावी.
एपिग्लॉटायटिस: तीव्र ताप, लाळ गळणे, पुढे वाकून बसणे; खोकला जवळजवळ नसतो.
श्वासमार्गात वस्तू अडकणे: शेंगदाणा, चिंचोका, सुपारी अशी वस्तू तोंडात असताना अचानक ठसका, आधी सर्दी-ताप नसतो.
दमा: शिट्टीसारखा आवाज मुख्यतः श्वास बाहेर सोडताना येतो.
न्यूमोनिया: श्वासाचा वेग वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार २ ते ११ महिन्यांच्या बाळात मिनिटाला ५० किंवा अधिक आणि १ ते ५ वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक श्वास म्हणजे वेगवान श्वसन होय.

महाराष्ट्रातील संदर्भ

त्रास रात्री उद्भवत असल्याने जवळचे चोवीस तास चालणारे रुग्णालय आधीच ठाऊक असणे महत्त्वाचे ठरते. राज्यात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर मोफत आपत्कालीन रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी हे यंत्रमागांचे शहर याचे उदाहरण होय. येथे अनेक पालक रात्रपाळीत काम करतात आणि मूल आजी-आजोबांजवळ वा शेजाऱ्यांकडे झोपते. अशा घरांत धोक्याची लक्षणे व रुग्णालयाचा पत्ता मुलाजवळ असणाऱ्या व्यक्तीला माहीत असावा लागतो. शहरात इंदिरा गांधी रुग्णालय हे 'आयजीएम' नावाने ओळखले जाणारे शासकीय रुग्णालय आहे. कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे अर्थात 'सीपीआर' रुग्णालय आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही दोन्ही ठिकाणे साधारण ३० किलोमीटरवर आहेत. कापसाच्या धुळीमुळे क्रूप होत नाही. तथापि धूळ, चुलीचा धूर व तंबाखूचा धूर यांनी आधीच सुजलेल्या श्वासमार्गाचा त्रास वाढू शकतो.

प्रतिबंध

पॅराइन्फ्लुएन्झा विषाणूवर लस उपलब्ध नाही. हात धुणे व सर्दी झालेल्यांपासून बाळाला दूर ठेवणे हे उपाय उरतात. साधर्म्य असलेल्या घातक आजारांपासून मात्र लसीकरणाने संरक्षण मिळते. राष्ट्रीय वेळापत्रकानुसार ६, १० व १४ आठवड्यांना दिली जाणारी पेंटाव्हॅलेंट लस घटसर्प आणि एपिग्लॉटायटिसला कारणीभूत ठरणारा हिब जिवाणू या दोहोंविरुद्ध आहे. घटसर्पाच्या वर्धक मात्रा १६ ते २४ महिने व ५ ते ६ वर्षे या वयात देतात.

इतिहास

एकोणिसाव्या शतकापर्यंत 'क्रूप' हा शब्द मुख्यतः घटसर्पासाठी वापरला जाई आणि त्यामुळे हे नाव मृत्यूशी जोडले गेले होते. फ्रेंच वैद्य प्येर ब्रतोनो यांनी १८२६ मध्ये घटसर्पाचे स्वतंत्र वर्णन केले व गुदमरणाऱ्या मुलांत श्वासनलिका छेदन यशस्वी करून दाखवले. १८९० च्या दशकात प्रतिविष आणि विसाव्या शतकात लस आल्यानंतर घटसर्प मागे पडला व क्रूप हे नाव आजच्या विषाणूजन्य आजारापुरते उरले.

हेही पहा

घटसर्प
डांग्या खोकला
न्यूमोनिया
दमा
लसीकरण