सागराचे दुखणे आणि कडोदऱ्याचा धागा

सुरतेचे नाव मराठी माणसाच्या ओठी शाळेतच बसते, ते शिवछत्रपतींच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्यांमुळे. त्या काळी सुरत हे पश्चिम किनाऱ्यावरील एक अतिसंपन्न बंदर होते आणि तेथून निघणाऱ्या जहाजांत कापडाचे गठ्ठे भरलेले असत. पुढे व्यापार मुंबईकडे वळला, जहाजे गेली. कापड मात्र सुरतेला सोडून गेले नाही. पालटला तो धागा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे कृत्रिम धाग्याचे राज्य आले. सुरतेजवळच्या पलसाणा तालुक्यातील कडोदरा हे त्या राज्यातील एक गजबजलेले ठाणे होय. या परिसरातील मागांवर आणि रंगाईच्या गिरण्यांत राबणाऱ्या हातांत धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेले खानदेशी हात थोडे नाहीत.

महासागरातील प्लास्टिकची चर्चा चालते तेव्हा डोळ्यांपुढे पिशव्या आणि बाटल्या येतात. साडी येत नाही. परंतु पॉलिएस्टरची साडी आणि पाण्याची बाटली या एकाच पदार्थाच्या दोन बहिणी आहेत आणि त्यांत साडी थोरली आहे. १९४१ मध्ये इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघा रसायनज्ञांनी हा धागा प्रथम काढला. ते ज्या कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत होते, तिचा धंदा कापडावर छपाई करण्याचा होता. हाच धागा पुढे टेरिलीन म्हणून घरोघर पोहोचला. त्याच पदार्थाच्या बाटलीचे पेटंट मिळाले ते १९७३ मध्ये. न चुरगळणारे, लवकर वाळणारे आणि वर्षानुवर्षे टिकणारे हे वस्त्र गरिबाला वरदान वाटले, आणि ते वरदान होतेही. पण जो टिकाऊपणा अंगावर गुण ठरतो, तोच पाण्यात दोष ठरतो.

हा दोष ध्यानी यायला फार काळ लागला नाही. १९७२ मध्ये कार्पेंटर आणि स्मिथ या संशोधकांनी अटलांटिकमधील सारगासो समुद्राच्या पृष्ठभागावर प्लास्टिकचे कण तरंगताना आढळल्याचे प्रसिद्ध केले. २००४ मध्ये रिचर्ड थॉम्पसन यांनी ब्रिटनच्या किनाऱ्यावरील वाळूत आणि गाळात डोळ्यांना न दिसणारे कण व तंतू दाखवून दिले. कृत्रिम कापड धुताना सुटणारे तंतू हा समुद्रात थेट सूक्ष्म रूपाने जाणाऱ्या प्लास्टिकचा सर्वांत मोठा स्रोत असून त्याचा वाटा सुमारे ३५ टक्के असावा, असा अंदाज २०१७ च्या एका आंतरराष्ट्रीय अहवालाने केला. कापड विणून झाले की ते धुतले जाते, रंगवले जाते, पुन्हा धुतले जाते. प्रत्येक धुण्यात काही तंतू सुटतात. शुद्धीकरण केंद्राच्या गाळात त्यांतील बहुतेक अडकतात. जे निसटतात त्यांना नदी आणि खाडीवाटे समुद्राची वाट मोकळी असते.

मग हा कचरा खाऊन टाकणारा एखादा जीव निर्माण करून समुद्रात का सोडू नये? हा विचार नवा नाही. भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ आनंद मोहन चक्रवर्ती यांनी १९७१ च्या सुमारास अमेरिकेत खनिज तेलाचे घटक पचविणारा जिवाणू घडविला. त्याच्या पेटंटचा वाद तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८० मध्ये निकाल चक्रवर्तींच्या बाजूने लागला. खटला जिंकला, पण समुद्रातले तेल खाण्यासाठी तो जिवाणू कधी सोडला गेला नाही. मनुष्याने घडविलेला जीव एकदा मोकळा सुटला की त्याला परत बोलावता येत नाही, ही धास्ती त्यामागे होती. १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर तेलवाहू जहाज फुटले तेव्हाही शास्त्रज्ञांनी किनाऱ्यावर खत शिंपडले आणि तेथील मूळच्या जिवाणूंनाच बळ दिले. तेल तर निसर्गाच्या ओळखीचे. पॉलिएस्टर त्याच्या घरी कालपरवा आलेला पाहुणा.

या पाहुण्याशीही निसर्गाने ओळख करून घेतली, आणि ती कोठे, हे पाहण्यासारखे आहे. जपानमधील कोहेई ओडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साकाई शहरातील बाटल्यांवर पुनःप्रक्रिया करणाऱ्या ठिकाणाहून माती, गाळ व सांडपाण्याचे २५० नमुने गोळा केले. त्यांतून पॉलिएस्टरवर जगणारा जिवाणू सापडला. २०१६ मध्ये ही वार्ता जगाला कळली. तो आपल्या शरीरातून दोन एंझाइमे, म्हणजे पाचक द्रव्ये, तयार करतो. पहिले प्लास्टिकची लांब साखळी तोडते आणि दुसरे त्या तुकड्यांचे मूळच्या दोन रसायनांत विघटन करते. असेच दुसरे एक एंझाइम जपानी संशोधकांना कुजलेल्या पानांच्या खतात मिळाले होते. त्यात सुधारणा करून फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये बाटल्यांच्या कचऱ्याचे ९० टक्के विघटन अवघ्या दहा तासांत करून दाखविले.

मात्र हे यश मिळाले ते बंद भांड्यात, ७२ अंश सेल्सिअस उष्णतेत, प्लास्टिक दळून आणि नरम करून घेतल्यावर. साकाईच्या जिवाणूला तर ३० अंशांवर पातळसा तुकडा संपवायलाही सहा आठवडे लागले. समुद्र थंड, खारा आणि अफाट; त्यात हे तंतू विखुरलेले. शिवाय पिशव्या आणि दोर ज्या पॉलिथिन व पॉलिप्रॉपिलिनचे होतात, त्यांची साखळी या एंझाइमांना तोडता येत नाही. सागरात औषध ओतून सागर बरा होणार नाही.

म्हणून या इतिहासाचा बोध किनाऱ्याकडे नव्हे, तर गावाकडे बोट दाखवितो. प्लास्टिक पचविणारा जीव भरसमुद्रात नव्हे, कचऱ्याच्या ढिगाशेजारी सापडला. त्याच्या एंझाइमाची कामाची जागाही तीच आहे. जेथे चिंध्या, कापडाची काटछाट आणि गाळ एकत्र साठतो, जेथे बॉयलरची उष्णता हाताशी असते आणि सुटी झालेली रसायने पुन्हा धाग्याच्या कामी येऊ शकतात, तेथेच जैवतंत्रज्ञानाला कस दाखविता येईल. रंग आणि कापूस मिसळलेले कापड वेगळे करणे अवघड व खर्चाचे आहे, हे खरे. पण तो खर्च चुकविला, तर त्याची भरपाई किनाऱ्यावरच्या कोळ्याने आपल्या जाळ्यातून करायची, हा न्याय नव्हे. कडोदऱ्याच्या मागांवर हजारो संसार उभे आहेत. ते माग थांबावेत असे कोणी म्हणणार नाही. मागाने विणलेला धागा मात्र गिरणीच्या नाल्यापाशीच अडविला पाहिजे. नाल्यात तो मूठभर असतो आणि मुठीत मावतो. समुद्रात गेला की कोणाच्याच हाती लागत नाही.