येवल्याची घोषणा आणि शिष्यवृत्तीचा हक्क : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

नाशिक जिल्ह्यातील येवला हे गाव पैठणीसाठी जसे प्रसिद्ध आहे, तसेच ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या धर्मांतराच्या घोषणेमुळे इतिहासात अजरामर झाले आहे. नाशिकच्या काळाराम मंदिर प्रवेशासाठी १९३० पासून चाललेल्या सत्याग्रहाला यश न आल्यानंतर, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवला येथील परिषदेत आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. या घोषणेचा विचार प्रामुख्याने धार्मिक व सामाजिक अंगाने होतो. परंतु तिचे पडसाद पुढे महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीच्या अर्जातही उमटले. प्रस्तुत लेखात या संबंधाचा आढावा घेतला आहे.

राजाश्रयाचा कालखंड

गरज हा शिष्यवृत्तीचा निकष असावा, ही मागणी महाराष्ट्रात जुनी आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात स्पर्धेने शिष्यवृत्त्या देण्याच्या पद्धतीतील दोष दाखविला. ही पद्धत वरकरणी न्याय्य असली तरी तिचा लाभ शिक्षणाची गोडी आधीच लागलेल्या वर्गांनाच होतो, म्हणून काही शिष्यवृत्त्या शिक्षणापासून दूर राहिलेल्या वर्गांसाठी ठेवाव्यात, असे त्यांचे मत होते.

शासनाने अशी व्यापक योजना करेपर्यंत गरजू विद्यार्थ्याचा मुख्य आधार दात्याची उदारता हाच होता. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी आंबेडकरांना पदवीच्या शिक्षणासाठी दरमहा २५ रुपये आणि १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. त्याबदल्यात दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. १९१७ मध्ये ते करारानुसार बडोद्यास गेले; परंतु अस्पृश्यतेमुळे त्यांना तेथे राहावयास जागा मिळेना व नोकरी सोडून परतावे लागले. शिष्यवृत्तीमुळे विद्या मिळाली, पण शिष्यवृत्तीची अट पाळण्याइतकी जागाही समाजाने दिली नाही. राजाश्रय कितीही उदार असला तरी तो व्यक्तीपुरता मर्यादित राहतो, हे या प्रसंगातून स्पष्ट होते.

शासकीय योजनांचा प्रारंभ

१९४२ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी सरकारला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी आर्थिक तरतुदीची मागणी केली. १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती योजना सुरू झाली. ज्याने स्वतः राजाच्या मदतीवर शिक्षण घेतले, त्याने पुढील पिढ्यांसाठी ती मदत शासनाच्या अंदाजपत्रकात आणण्याचा आग्रह धरला. पुढे यशवंतराव चव्हाण यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, जातीचा विचार न करता, वार्षिक १२०० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांनाही फीमाफी मिळाली. ही सवलत 'ईबीसी' या नावाने ग्रामीण महाराष्ट्रात घरोघरी परिचित झाली.

धर्मांतर आणि दाखला

येवल्यातील घोषणेची पूर्तता १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झाली. मात्र १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये हिंदू धर्माबाहेरील व्यक्तीस, काही शीख जातींचा अपवाद वगळता, अनुसूचित जातीची मानता येत नव्हते. १९५६ मध्ये शीख धर्मीयांचा समावेश झाला. बौद्धांचा झाला नाही. परिणामी दीक्षा घेतलेल्या कुटुंबातील मुलाची गरिबी तीच, घर तेच आणि गावाची वागणूकही तीच राहिली. पण अनुसूचित जातीचा कायदेशीर दर्जा गेला. अर्जाच्या रकान्यात खरा धर्म लिहावा की शिक्षणाची सोय पाहावी, असा पेच निर्माण झाला. १९६० मध्ये महाराष्ट्र शासनाने नवबौद्धांना राज्याच्या सवलती लागू केल्या. 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' हा शासकीय शब्दप्रयोग त्या निर्णयाची साक्ष देतो. केंद्रीय कायद्यातील दुरुस्तीसाठी मात्र १९९० साल उजाडावे लागले.

उत्पन्नाचा पुरावा

जातीच्या दाखल्याइतकाच उत्पन्नाचा दाखलाही निर्णायक ठरतो. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी २०१३ मध्ये वार्षिक २.५० लाख रुपयांची मर्यादा ठरविण्यात आली. मर्यादेच्या आतील विद्यार्थ्यास शुल्काबरोबर निर्वाह भत्ता मिळतो, तर मर्यादेबाहेरील विद्यार्थ्यास राज्याच्या 'फ्रीशिप'मधून केवळ शुल्काचा आधार राहतो. नोकरदाराचे उत्पन्न पगारपत्रकावरून सिद्ध होते. येवल्यातील मागावरच्या विणकराचे उत्पन्न मात्र हाती असलेल्या कामावर आणि कांदा पिकविणाऱ्या शेतकऱ्याचे उत्पन्न पाऊस व बाजारभावावर अवलंबून असते. असे अनिश्चित उत्पन्न तहसीलदारांच्या दाखल्यात एका ठाम आकड्यात मांडावे लागते. २०१७ नंतर अर्ज 'महाडीबीटी' या संगणकीय प्रणालीवर आले. अर्जाची पद्धत बदलली. दाखल्याचे महत्त्व कमी झाले नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, शिष्यवृत्तीचा इतिहास हा दानाकडून हक्काकडे झालेला प्रवास आहे. परंतु हक्क मान्य झाला तरी तो सिद्ध करण्याचा भार गरजू विद्यार्थ्यावरच राहिला. माणूस म्हणून सन्मान मिळावा यासाठी येवल्यात जो निर्धार झाला, त्याची किंमत नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना सवलतींच्या रूपाने मोजावी लागली. म्हणून शिष्यवृत्ती योजनेचे मूल्यमापन केवळ मंजूर रकमेवरून न करता, खऱ्या गरजूला आपली ओळख न लपविता तिच्यापर्यंत पोहोचता येते काय, या कसोटीवर होणे आवश्यक आहे.